टेप लावून काढलेला फोटो

मास्टरांचं म्हणणं सरळ होतं. माणसाला कपडा बेतता आला नाही की तो यंत्र आणतो, आणि यंत्रालाही बेतता आला नाही की तो कपडा मास्टरांकडे आणतो. या म्हणण्याच्या दुसऱ्या अर्ध्यावर त्यांचं दुकान चालत होतं.

कोपऱ्यावर मोठ्या काचांचं एक दुकान उघडलं होतं. तिथे गिऱ्हाइकाचा नुसता फोटो घ्यायचे आणि त्यावरून यंत्र मापं काढायचं. ते उघडलं तेव्हा मास्टरांची बायको, जिला सगळी गल्ली काकू म्हणायची, चांगलीच धास्तावली होती. झालं भलतंच. तिथली पॅन्ट घेतलेला माणूस थोड्याच दिवसांत मास्टरांच्या काउंटरपाशी यायचा, इकडेतिकडे बघून पाठ वळवायचा आणि हळूच म्हणायचा, "मास्टर, बसलं की उसवतं."

"मग बसू नका," मास्टर म्हणायचे. "यंत्रानं फोटो उभा काढला होता ना तुमचा?"

आणि उसवलेलं शिवून द्यायचे.

जावई अशीच यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत होता. नक्की काय करायचा ते घरात कोणालाच कळलं नव्हतं, पण तो ते फार उत्साहानं करायचा. रविवारी जेवायला आला की सासरा-जावयाची जुंपायची.

"बाबा, पाच वर्षांत जग ओळखू येणार नाही तुम्हाला."

"गिऱ्हाईक ओळखू आलं म्हणजे झालं."

"अहो, आजार ओळखतं ते! डॉक्टरच्या आधी!"

"पोटाचा घेर ओळखता येईना, आणि म्हणे आजार. सगळा फुगा आहे, जावईबापू. टाचण्या माझ्याकडे भरपूर आहेत."

काकू तोंडात दोरा धरून बटणं लावत बसायच्या आणि दोघांच्या बोलण्यावर मान हलवायच्या. त्यामुळे दोघंही त्यांना आपल्या बाजूचं समजायचे. गप्प बसणाऱ्याला हा नफा आपोआप मिळतो.

एका दुपारी काकूंनी एक जाकीट मास्टरांच्या अंगावर चढवायला घेतलं. ज्याचं ते जाकीट होतं त्या गृहस्थाचं आणि मास्टरांचं अंगमाप जवळजवळ एकच. उकाडा होता म्हणून मास्टर बनियनवर उभे होते. बनियनची पट्टी जिथे संपते तिथे, खांद्याच्या फऱ्यावर, काकूंना काळं काहीतरी दिसलं. त्यांना वाटलं, खुणेच्या पेनाचा डाग. त्यांनी फडकं ओलं केलं आणि घासायला लागल्या.

"अगं ए, कातडी आहे ती, अस्तर नाही!"

"जात नाहीये."

"तीळ असेल. जन्मापासूनचा."

"तीस वर्षं बघतेय मी ही पाठ."

"बघतेस? मला वाटलं, तिच्यामागे नुसती ओरडतेस."

काकू हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा लावला. डाग एका बाजूला काळा, दुसऱ्या बाजूला तपकिरी होता, आणि त्याची कड अशी वेडीवाकडी, जणू शिकाऊ हातानं बोथट कात्रीनं कापली असावी. त्यांच्या थोरल्या बहिणीचं दुखणं असंच कुठल्याशा बारीकशा गोष्टीपासून सुरू झालं होतं.

जावयानं त्यांच्या फोनमध्ये नाही नाही त्या गोष्टी घालून दिल्या होत्या. त्यातच एक होती, कातडीवरचा डाग बघून सांगणारी. फोटो काढायचा, की ती सांगायची काळजीचं आहे की नाही. काकूंनी मास्टरांना उजेडाकडे पाठ करून उभं केलं, डागाशेजारी मापाची टेप धरली आणि फोटो काढला.

टेप कशाला, हा प्रश्न त्यांच्या मनातसुद्धा आला नाही. दुकानाचा तो कायदाच होता. एका बाईंनी आखूडच आणलेला झगा "तुम्हीच आखूड केलात" म्हणून एकदा दुकान डोक्यावर घेतलं होतं. तेव्हापासून दुकानात आलेल्या कुठल्याही वस्तूचा फोटो काढायचा तो शेजारी टेप लावून. पडदा असो, कोट असो, उशीचा अभ्रा असो. काकूंचा डावा हात टेपेकडे आपसूकच जायचा.

फोनवर लाल पट्टी आली. धोक्याची शक्यता जास्त आहे, ताबडतोब त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

काकूंनी ते तीनदा वाचलं आणि फोन मास्टरांच्या हातात दिला. मास्टरांनी तो लांब धरला, जवळ धरला.

"हे तेच ना, ज्याला पोटाचा घेर कळत नाही?"

"अहो, गंमत करू नका."

"गंमत ते करतंय. मी कुठे करतोय?"

पण जाकीट काढून ठेवताना त्यांचे हात जरा जास्तच हळू चालले. आणि संध्याकाळी काकूंनी पाहिलं, त्यांनी एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या होत्या. उभ्या आयुष्यात त्यांनी असं केलं नव्हतं. काकूंनी कापड उचललं, घडी केली आणि खालच्या फळीवर सरकवलं. मास्टरांनीही तिकडे पाहिलं नाही. त्या घडीला काकूंना समजलं की यंत्राला फुगा म्हणणारा हा माणूस आतून हललाय, आणि मग त्यांना आधार उरला नाही. ते हसत होते तोवर भ्यायचं काम एकट्या काकूंकडे होतं. आता ते दोघांचं झालं आणि अर्धं होण्याऐवजी दुप्पट झालं.

डॉक्टरांची वेळ मिळाली ती तीन आठवड्यांनंतरची. "ताबडतोब" म्हणणाऱ्या यंत्राला डॉक्टरांच्या रांगेची कल्पना नसावी.

ते दिवस काकूंनी कसे काढले ते त्यांचं त्यांना ठाऊक. खुंटीवर टांगलेला मास्टरांचा शर्ट रिकामा दिसला तरी त्या तो उतरवून घडी करून ठेवायच्या. मास्टर शिंकले तरी त्यांचा टाका चुकायचा. मास्टर मात्र भलतेच गोड वागायला लागले होते. भाजी खारट झाली तरी "छान झालीय" म्हणायचे. काकूंना त्याची जास्त भीती वाटायची.

"एकदा नाव ठेवा हो मला," त्या शेवटी म्हणाल्या. "असं गोड वागाल तर मी वेडी होईन."

मधल्या रविवारी जावई आला. काकूंनी त्याला बाजूला घेऊन फोटो दाखवला. तो आधी पांढराफटक पडला, मग त्यानं फोटो बोटांनी मोठा केला.

"आई, ही टेप कशाला?"

"टेप? माप दिसायला."

जावई डोकं खाजवत राहिला. मग त्यानं मास्टरांना शर्ट काढायला लावला, टेप न लावता, तसाच, त्याच डागाचा फोटो काढला. हिरवी पट्टी आली. चिंता करण्यासारखं काही दिसत नाही.

"म्हणजे?" काकू म्हणाल्या.

जावई जरा ओशाळला. "त्याचं असं आहे, आई. या यंत्राला शिकवायला हजारो डागांचे फोटो दाखवलेले असतात. आता डॉक्टर डागाशेजारी मोजपट्टी धरून फोटो कधी काढतात? त्यांना आधीच शंका आली की. म्हणजे पट्टी असलेले फोटो बहुतेक वाईट डागांचे. यंत्र तेवढंच शिकलं. पट्टी दिसली की वाईट. असं होतं कधी कधी. सुधारतात ते पुढे."

मास्टर एवढे हसले की खुर्चीचा हात धरून बसावं लागलं.

"म्हणजे ते माझ्या टेपला घाबरलं! अगं ऐकलंस का? टेपला!"

त्यांना खात्री करून घ्यायचीच होती. काकूंच्या हनुवटीवर लग्नाआधीपासूनचा तीळ होता. त्याच्याशेजारी टेप धरली, लाल. टेप काढली, हिरवी. मास्टरांच्या मनगटावरचा मस, तसंच, लाल, हिरवी. जावयाच्या कपाळावर डास चावला होता. तोसुद्धा टेपेशेजारी जीवघेणा ठरला.

"जग ओळखू येणार नाही म्हणत होतात ना, जावईबापू? यंत्राला डास ओळखू येत नाही."

जावई बिचारा हसला. त्या दिवशी मास्टर पोटभर जेवले, भाजीला नाव ठेवलं आणि हात धुता धुता म्हणाले, "त्या डॉक्टरांना फोन करून येत नाही म्हणून सांग."

"सांगते," काकू म्हणाल्या.

सांगितलं नाही. का नाही सांगितलं, ते त्यांना स्वतःला धड मांडता येत नव्हतं. सगळे हसत होते तेव्हा त्याही हसल्या होत्या. पण भांडी विसळताना त्यांच्या मनात एक गोष्ट उभी राहिली आणि हटेना. लाल पट्टी आली तेव्हा यंत्रानं टेप बघितली. हिरवी आली तेव्हा टेप नाही, एवढंच बघितलं. मग डाग कोणी बघितला?

वेळ ठरली होती त्या दिवशी सकाळी त्यांनी मास्टरांना धुतलेला शर्ट दिला.

"कुठे जायचंय?"

"डॉक्टरांकडे."

"तू फोन केला नाहीस?"

"नाही."

"अगं, यंत्रानं काही नाही म्हटलंय!"

"तुम्ही कधीपासून यंत्राचं ऐकायला लागलात?"

मास्टर चिडले. दुकान बंद ठेवून एका तिळापायी वणवण करायची, लोक हसतील, तुझ्या भित्रेपणाला काही औषध आहे का, वगैरे सगळं झालं. काकू दारात पर्स धरून उभ्या राहिल्या. शेवटी मास्टरांनी चपला घातल्या.

डॉक्टर त्यांच्या लेकीच्या वयाची होती. बोलकी. आत गेल्या गेल्या तिनं मास्टरांच्या शर्टाच्या कॉलरचं कौतुक केलं, आणि मास्टर लगेच तिला कॉलर कशी बसवतात ते सांगायला लागले. तिनं डोळ्याला भिंग लावलं आणि डागावर वाकली. मास्टर बोलत होते. डॉक्टर बोलायची थांबली. काकूंना तेवढंच ऐकू आलं, तिचं थांबणं.

"हा आपण काढून टाकू," ती म्हणाली. "आजच. आणि तपासायला पाठवू."

"टेप नाही लावलीत तुम्ही," मास्टर म्हणाले. डॉक्टरला काही कळलं नाही. विनोद त्यांच्या तोंडून निघाला होता, चेहरा त्याच्यासोबत आला नव्हता.

अहवाल आला तेव्हा डॉक्टरनं दोघांनाही बसायला सांगितलं. डाग कातडीच्या कर्करोगाचा होता. पण पातळ होता, वरच्यावर होता, खाली उतरला नव्हता. आजूबाजूची थोडी कातडी आणखी काढावी लागेल, मग ठरावीक दिवसांनी तपासणी. "वेळेत आलात," ती म्हणाली. "आणखी वर्षभर थांबला असतात तर मी हे एवढं सोपं करून सांगू शकले नसते. कशामुळे आलात?"

मास्टरांनी काकूंकडे बोट केलं. काकूंना रडू फुटलं ते तेव्हा.

बातमी ऐकून जावई धावत आला. डोळ्यांत पाणी होतं, पण दम खाल्ल्यावर त्याला राहवलं नाही. "बाबा, काही म्हणा, पहिल्यांदा यंत्रानंच सांगितलं."

"आणि दुसऱ्यांदा घरी बसा म्हणून कोणी सांगितलं?"

"पण त्या पहिल्या लालमुळेच वेळ घेतलीत ना तुम्ही?"

"ती टेपेमुळे आली! तुम्हीच म्हणालात!"

दोघं तावातावानं भांडत होते. पाठीला टाके असलेला माणूस भांडतोय याचंच दोघांना इतकं सुख होतं, की कोणालाच जिंकायची घाई नव्हती. काकूंनी या वेळी मान हलवली नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे दुसरंच घर होतं. त्या घरातली बाई शिवणकाम करत नाही. तिला नवऱ्याच्या पाठीवर डाग दिसतो. ती चारचौघींसारखा नुसता फोटो काढते. हिरवी पट्टी येते. ती "सुटले बाई" म्हणते आणि कामाला लागते. आपणही तसंच म्हटलं असतं, किती पटकन म्हटलं असतं, या विचारानं काकूंच्या हातातली सुई थांबायची. फोनमधली ती वस्तू जावयानं काढून टाकली. ते घर काही त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं नाही.

डॉक्टरनं सांगितलं होतं, महिन्यातून एकदा घरच्या माणसानं सगळं अंग नीट बघायचं. नवीन काही, बदललेलं काही. मास्टरांना महिना मानवेना. रोज सकाळी, दुकान उघडायच्या आधी, ते शर्ट हातात घेऊन खिडकीशी पाठमोरे उभे राहायचे.

"बघ गं."

काकू चष्मा लावून बघायच्या. मान, खांदे, टाक्यांची गुलाबी रेघ, कंबर. तीस वर्षं बघितलेल्या त्या पाठीवर इतके ठिपके होते, आणि त्यातला एकही त्यांना ओळखीचा वाटत नव्हता.

"आहे तसंच आहे," त्या म्हणायच्या.

"नीट बघितलंस?"

"बघितलं."

"नक्की?"

"घाला आता शर्ट."

आज मास्टर शर्टात हात घालून बटणाला लागले होते. शीळसुद्धा घालत होते. काकू चष्मा काढून ठेवायला वळल्या, आणि थांबल्या. शर्ट वर अडकला होता तिथे, कमरेपाशी डाव्या अंगाला, एक बारीकसा ठिपका होता. तो काल होता का? परवा?

"थांबा जरा," त्या म्हणाल्या आणि त्यांनी शर्ट पुन्हा वर केला.

शीळ थांबली. खिडकीची चौकट दोन्ही हातांनी धरून मास्टर बाहेर बघत उभे राहिले.