भिकनची पकड

तळहातावरचा घट्टा उलला होता आणि त्याची कातडी एका बाजूनं लोंबत होती—भिकननं ती दातात धरून ओढली. रक्त आलं, खडूच्या पुडीत मिसळलं, आणि त्याला बरं वाटलं. दुखतंय ना, दुखू दे. समोर बार, त्याच्या दोन्ही टोकांना काळ्या रबरी प्लेटा, आणि पलीकडे कमरेवर हात ठेवून उभे सांडू सर... एकच ठोसा द्यावा, नाकाच्या हाडावर. पण सरांवर हात उचलतात होय? तो खाली बघत राहिला.

कबड्डीवाल्यांनी त्याला शहागंजच्या ह्या वेटलिफ्टिंगच्या पत्र्याच्या हॉलात धाडलं ते पायांत झटका यावा म्हणून. पकड त्याची होतीच. भिकननं घोटा धरला की समोरचा फरफटत गेला, खरचटून निघाला, तरी सुटत नसे. त्या पकडीवर तर तो संघात आला. इथं मात्र सगळं उलटं. बार एका झटक्यात डोक्यावर न्यायचा, नाही साधला तर सोडून द्यायचा आणि अंग काढून घ्यायचं. न्यायचं जमलं. सोडायचं काही केल्या जमेना. काल तोल गेलेला बार त्यानं तसाच धरून ठेवला आणि खांदा असा वाजला, की सगळा हॉल थांबला. म्हणून आज सरांनी डोक्यावर पेलणार नाही एवढं वजन लावलं. हे पेलायचं नाही, टाकायचं, म्हणाले. नाही टाकलंस तर रविवारच्या कबड्डीच्या निवडीला ह्याला घेऊ नका म्हणून मीच सांगेन.

टाकायचं म्हणे! ह्यांच्या बापाचं काय जातंय... भिकन लहान असताना लासूर स्टेशनच्या अलीकडच्या एका पडीक रानात घरचे सगळे लोकर कातरायला बसले होते, मेंढा आडवा पाडलेला, त्याचे पाय भिकनच्या हातात, आणि बाप, कडूबा, कातर चालवत होता. मेंढ्यानं हिसडा दिला, पाय सुटले, कातर मेंढ्याच्या पोटात गेली. बापानं मेंढ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आधी काठी उचलली. आई, बानाबाई, मधे पडली—तिच्या हाताचं हाड मोडलेलं भिकनला ऐकू आलं—आणि बाप मारतच होता, "धरता येत नाय? धरता येत नाय तुला?" त्यानंतर हातात आलेलं काही सुटलंच नाही. झोपेतही मुठी आवळलेल्या.

तो वाकला. बार मांड्यांना घासत वर आला, कमरेनं त्याला धडक दिली, डोक्यावर गेला आणि मागं कलला.

"सोड!"

खांद्यात आग. नाही सोडणार. सोडलं की काठी बसते, मला नाही बसली तर आईला बसते... पण कुणाची काठी? बाप तर आता म्हातारा झाला, चितेगावला कारखान्याच्या गेटवर राखणीला बसतो, रात्री घरी येऊन आईला अजून बडवतो, पण त्याचं मनगट—माझ्या एका मुठीत मावेल ते, आणि पिळलं तर...

हात उघडले. बार मागं कोसळला, फळ्या हादरल्या, पत्रे थरथरले. कुणीही मारलं नाही. सर नुसतं म्हणाले, "परत."

त्यानं परत उचलला आणि टाकला. मग सांगायची गरज उरली नाही. तो उचलत होता आणि आपटत होता, दात आवळून, आणि दर धडाक्याला जमिनीवर पडत होतं ते लोखंड नव्हतं, म्हातारा होता. लई गोड वाटत होतं, आईशप्पथ.

"बास," शेवटी सर म्हणाले. "आता सुटतंय तुझं. जा रविवारी, मी नाय अडवत."

बाहेर ऊन होतं, गाडेवाले ओरडत होते. निवडीला जायचं पक्कं, आनंद व्हायला हवा होता. रात्री आई भाकरी घेऊन वाट बघेल, म्हातारा ताटावरून शिव्या देईल, मग उठेल... इतकी वर्षं म्हातारा उठला की भिकनच्या मुठी आपसूक मिटायच्या, मिटलेल्याच राहायच्या, आणि त्यामुळेच म्हातारा अजून जिवंत होता, हे त्याला आत्ता कळलं. हात हलके, मोकळे वाटत होते. चितेगावची गाडी समोर आली, कंडक्टरनं हाक मारली, पण त्याचा पाय उचलेना. घरी जायची त्याला भीती वाटत होती, आणि पहिल्यांदाच ती बापाची नव्हती.