मधली पांढरी जागा

नकाशाच्या मध्यभागी करंगळीच्या नखाएवढी पांढरी जागा होती. तिच्याभोवती रंगीत वर्तुळं दाटीवाटीनं बसली होती: आहार, ताणतणाव, मोबाइलचा वापर, आणि सगळ्यांत फुगलेलं ‘पुढील संशोधनाची गरज’. किशोरवयीन मुलांच्या आरोग्यशिक्षणावरचं संशोधन कुठे चाललं आहे, ते दाखवणारा हा नकाशा मंगळवारच्या बैठकीत पडद्यावर झळकत होता. विभागात संशोधन करणाऱ्या ताईंनी विचारलं, या पांढऱ्या जागेत काय होतं?

आकड्यांचं काम बघणाऱ्या सहकाऱ्याला सगळे आकडेमास्तर म्हणत. त्यानं सांगितलं की तिथे ‘किशोरवयीन मुलं’ होती. जो शब्द जास्त वेळा येतो त्याचं वर्तुळ मोठं; हा शब्द तर प्रत्येक शोधनिबंधात येणारच, त्याचं वर्तुळ इतकं मोठं झालं की बाकीच्यांना जागा उरेना. असे शब्द काढूनच टाकायचे असतात, सगळे तसंच करतात.

“मुलं काढल्यावर चित्र कसं स्वच्छ झालं बघा, ताई.”

विभागप्रमुख सर खूश झाले. हा नकाशा म्हणजे आधीच्या आढाव्यांचा आढावा होता. आता असे आढावे किती झाले याचाही एक आढावा घेऊ, असं त्यांनी जाहीर केलं आणि ते काम नेहमीप्रमाणे ताईंच्या गळ्यात पडलं.

ताईंची मुलगी आठवीत होती. तिच्या शाळेत दर मंगळवारी आरोग्याचा तास असे, पण शिकवायला कोणी नसल्यामुळे त्या तासाला मुली वेगवेगळ्या संस्थांच्या प्रश्नावल्या भरत. हा तास तुम्ही घ्याल का, असं मुख्याध्यापिकांनी ताईंना गेल्या वर्षीच विचारलं होतं. तास नेमका बैठकीच्या वेळी. विचार करून सांगते, असं ताई म्हणाल्या होत्या. विचार अजून चालूच होता. पुरेसा पुरावा हाती आल्याशिवाय मत बनवायचं नाही, ही त्यांची सवय.

त्या रात्री जेवताना मुलीनं सांगितलं की तिच्या बाकावरच्या मैत्रिणीला आज शाळेतच पहिल्यांदा पाळी आली. पोटात काहीतरी फाटलं, आता आपण मरणार, असं वाटून ती संडासात रडत बसली होती. बाकीच्यांनाही धड काही सांगता येईना.

“मग काय केलंत?”

“काय करणार? तास सुरू झाला, प्रश्नावली भरली. पाळीबद्दल पुरेशी माहिती मिळते का, एक ते पाचमध्ये सांगा.”

“तिनं काय लिहिलं?”

“तीन. मधलं लिहिलं की कोणी काही विचारत नाही.” मुलीनं ताट बाजूला सारलं. “तू येणार होतीस ना गं? मी वर्गात सांगून बसले होते. आता सगळ्या मला थापाडी म्हणतात.”

ते ‘तीन’ आता कुठल्यातरी सरासरीत जाऊन ‘समाधानकारक’ होणार, हे ताईंना व्यवसायामुळे ठाऊक होतं.

सकाळी सर नव्या आढाव्याची कामं वाटून देत होते. दर मंगळवारी ताईंनी प्रगती सांगायची, असं ठरलं. भिंतीवर नकाशाची मोठी प्रत लागलीही होती. सर म्हणाले, कुणाला काही अडचण?

आकडेमास्तर वही मिटून उठायलाही लागला होता.

“मंगळवारी मी नसेन, सर,” ताई म्हणाल्या. “येत्या नाही आणि त्यापुढच्याही नाही. मुलीच्या शाळेतला आरोग्याचा तास मी घेणार आहे.”