आत सरकवलेली नळी

पेटंट कचेरीतल्या तपासनिसापुढे नळदुरुस्ती करणाऱ्या एका बाईचा अर्ज होता. गोठलेला पाइप ती बाहेरून तापवत नव्हती. नळाच्या तोंडातून बारीक नळी आत सरकवून गरम पाणी थेट बर्फावर सोडत होती. पेटंट मिळालं तर युक्ती तिची, नाहीतर कारखानदार ती फुकटात उचलणार. ठरवायचं एवढंच होतं की, कुठल्याही जाणत्या कारागिराला हे सहज सुचलं असतं का? असतं, तर पेटंट नाही.

तपासनिसाचा मेहुणा प्लंबर होता. तो जेवायला आला तेव्हा तपासनिसाने आधी नुसतंच विचारलं, "पाइप गोठला तर काय करतोस?"

"ब्लोटॉर्चची आग मारायची आणि पाइप फुटू नये म्हणून देवाचा धावा करायचा. दुसरं काय, दाजी?"

मग तपासनिसाने कचेरीच्या पत्रिकेत प्रसिद्ध झालेला बाईचा आराखडा दाखवला. मेहुणा हसला. "हे होय! असंच तर करतो मी, पहिल्यापासून."

"आत्ता ब्लोटॉर्च म्हणालास."

"मी? ताई, यांचं अंग गरम आहे का बघ गं."

बायकोने आराखडा पाहिला. "यात नवीन काय? आपणही असंच करतो."

मागच्या हिवाळ्यात तिने उकळत्या पाण्यातली फडकी पाइपला गुंडाळली होती. बोटं भाजली होती. आता बोटावरचा डाग कशाचा, ते तिला सांगता येईना. चेष्टा करतानाची तिची नजर तपासनिसाला ओळखीची होती. ही नजर ती नव्हती.

त्याला स्वतःला फडकी आठवत होती. त्यांतून निघणारी वाफ मात्र आठवेना.

सुनावणीला बाई वेळेवर आली. तिने स्वतःच काढलेला आराखडा उलटसुलट करून पाहिला आणि ओशाळून म्हणाली, "साहेब, उगाच तुमचा वेळ घेतला. यात माझं काय आहे? माझी आईसुद्धा असंच करायची."

"थांबा," तपासनीस म्हणाला. त्याने आराखडा पालथा घातला आणि मंजुरी लिहायला घेतली. कारण दिल्याशिवाय मंजुरी देता येत नसे. 'याआधी लोक गोठलेला पाइप' इथवर त्याने भरभर लिहिलं. पुढचा शब्द येईना.

"याआधी काय करायचे हो लोक?" त्याने बाईला विचारलं.

"हेच की."

मग त्याने ओळ खोडली आणि खाली लिहिलं: बाब उघड आहे. नामंजूर.

बाईने सुटकेचा श्वास सोडला. "बरं झालं. नसता चोरीचा आळ माझ्यावर आला असता."

त्यालाही हलकं वाटलं.