बिरप्पा महाराजांचा दिवा

सोलापुरात यंत्रमागांच्या गल्लीत रोज संध्याकाळी बिरप्पा महाराजांच्या मठापुढे पाय ठेवायला जागा नसे. आत हळदीच्या पाण्यासारखा पिवळट दिवा मिणमिणे. हलगी कडाडू लागली की महाराज घुमत, "ये माये, ये!" म्हणून किंचाळत आणि दिवा लख्ख होई. देवी वायरीतून येत असे. ती मीटरमध्ये नोंदली जाते का, हे कुणी विचारले नव्हते.

आज काशम्मा नात दुर्गाला मांडीवर घेऊन बसली होती. पोर तापाने फणफणली होती. "देवीचा उजेड अंगावर पडंल तवाच ताप उतरंल. तवर सुई टोचायची न्हाई!" असा महाराजांचा हुकूम होता.

शेजारची रुक्मिणी नुकतीच बी.एस्सी. झालेली. काशम्मा तिचे ऐकेना, म्हणून ती दुपारीच कारखानदार वेणीमाधवकडे गेली होती. "काका, आज मागवाल्यांना जेवणाची सुट्टी जरा उशिरा द्या. हलगी थांबली की मगच माग बंद करा."

"देवीचं बटण माझ्या हातात हाय व्हय?" वेणीमाधव हसला. "आधी कळतं तर सोवळं नेसून माग चालवलं असतं की!"

संध्याकाळी महाराज घुमले, किंचाळले, पुन्हा घुमले. दिवा ढिम्म. घसा बसल्यावर त्यांनी हात वर करून हलगी थांबवली. "कुणीतरी कांदा खाऊन आलंय! माय रुसली. आज येनार न्हाई!"

हलगी थांबताच मागांची खडखड ऐकू आली. मग तीही थांबली आणि दिवा लख्ख उजळला.

"म्हाराज, आली की!" मागून कुणीतरी ओरडले. "तुमास्नी न विचारताच?"

हशा पिकला. रुक्मिणी उठली. "संध्याकाळी घरोघर दिवे लागतात, पिठाची गिरणी फिरते, माग चालतात. सगळी वीज एकाच ट्रान्सफॉर्मरवरून. मग दाब घसरतो आणि दिवे मंदावतात. जेवायला माग थांबले की दाब सावरतो. ती वेळ महाराजांना पाठ आहे आणि मागांचा आवाज हलगीत बुडतो. तुमच्या घरचे दिवेही तेव्हाच उजळतात. कधी पाहिलंत?"

कसे पाहणार? त्या वेळी सगळे मठातच असत.

"काशम्मामावशी, दिवा कशाने उजळतो ते आज कळलं. ताप कशाने आलाय ते डॉक्टरला बघू दे."

"पाप लागंल!" महाराज गरजले.

काशम्माने पोरीला खांद्यावर घेतले. "लागू दे. रुक्मे, टांगा बोलव. दवाखान्यातला दिवा मिणमिणता असला तरी चालंल. डाक्तर जाग्यावर पायजे."