पाच डुलक्यांची परीक्षा

गेल्या महिन्यात मला नोकरीवरून काढून टाकलं. पण काढलं तेव्हा मी झोपलो होतो, आणि झोपलेल्या माणसाला काढता येत नाही असं माझं मत आहे. त्यामुळे ते घडलंच नाही असं धरून मी पुढचं सांगतो.

मी मानिसालेसमध्ये एका सात मजली इमारतीचा वॉचमन आहे. हे शहर डोंगराच्या धारेवर बसवलंय. पाव आणायला खाली उतरावं लागतं आणि पाव घेऊन वर चढावं लागतं. त्यामुळे थकलो म्हटलं की लोक म्हणतात, "कोण नाही थकलेलं, आर्बेय?" माझा थकवा वेगळा आहे हे सहा वर्षं सांगून मी आणखी थकलो. दहा तास झोपून उठतो तो रात्रभर पोती वाहिल्यासारखा. दात घासले की बसावं लागतं. बसलो की संपलंच.

जागं राहायच्या गोळ्या सुरू होत्या तोवर निभत होतं. कुणाचा गैरसमज नको, गोळीनं थकवा जात नाही. तो असतो तिथंच असतो, फक्त उघड्या डोळ्यांनी बघावा लागतो. पण वॉचमनला तेवढं पुरतं.

मग विमा कार्यालयाचं पत्र आलं. गोळ्या चालू ठेवायच्या तर रुग्णाला खरोखर झोप येते हे त्यानं सिद्ध करावं. डोक्याला वायरी लावून दिवसातून पाच वेळा आडवं करणार आणि किती मिनिटांत डुलकी लागते ते बघणार. त्याआधी पंधरा दिवस गोळ्या बंद, कॉफीही बंद.

त्यातल्या नवव्या दिवशी ते न घडलेलं घडलं. मला जाग आली तेव्हा मांडीवर एक कागद होता आणि समोर इमारतीच्या व्यवस्थापक सेन्योरा एल्विया होत्या.

"तीनदा वाचून दाखवलं तुला," त्या म्हणाल्या.

"मला ऐकू नाही आलं, सेन्योरा."

"कसं येईल? घोरत होतास. दुसऱ्या मजल्यावरचा फ्रिज चोरांनी तुझ्यासमोरून नेला. वर तूच दार उघडून धरलंस म्हणे, झोपेत."

"नीट धरलं होतं ना?"

"फार अदबीनं." बाई मनानं वाईट नव्हत्या. त्यांनी उसासा टाकला. "हे बघ, महिनाअखेरपर्यंत गोळ्या मंजूर झाल्याचा कागद आण, मी हे पत्र फाडून टाकते. नाही आणलास तर माझा भाचा रिकामाच आहे."

म्हणजे सगळं त्या पाच डुलक्यांवर आलं. मला काळजी नव्हती. जगात एवढी एकच गोष्ट मला येते.

परीक्षेला आई सोबत आली, कारण एकटा गेलो की मी बसच्या शेवटच्या थांब्यालाच उठतो. दारात तिनं माझी कॉलर सारखी केली. "आज तरी नीट झोप हं. माझी मान खाली घालू नकोस."

प्रयोगशाळा दोन्या ओफिर नावाच्या वयस्कर बाई सांभाळायच्या. वायरी चिकटवण्याआधी त्यांनी ट्रे पुढे केला. "घे बाळा, घोटभर काळी कॉफी. गूळ घातलाय."

"कॉफी चालत नाही ना आज?"

"ही कुठली कॉफी! चिमणीची चोचसुद्धा बुडायची नाही."

आता आमचं हे कॉफीचं गाव. बँकेत गेलात तरी कॉफी, पोलिसांत तक्रार द्यायला गेलात तरी आधी कॉफी. आजोबांच्या प्रेताशेजारी बसून मी सात कप प्यालोय. इथं कप परत करणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर दार आपटणं. तरी मी म्हटलं, नको. बाईंचा चेहरा पडला. "माझ्या हातची नको?"

आईनं माझ्या बरगडीत कोपर खुपसलं. "घे की मेल्या! कुणी वाढवलंय तुला?"

घेतली. पंधरा दिवस कॉफी न पाहिलेल्या अंगात ती विजेसारखी गेली. वीस मिनिटं मी छताकडे बघत पडलो. छताला एकशे बारा भोकं होती. हातपाय शिशाचे झालेले आणि डोळे टक्क उघडे.

दोन तासांनी दुसरी डुलकी. "नाही लागला का डोळा?" दोन्या ओफिर हळहळल्या. "थांब, घोटभर देते, बरं वाटेल." तिसऱ्या वेळी त्यांनी आपली कहाणी सांगितली. बाईंना गुडघेदुखी होती, जावई दारुडा होता आणि निवृत्तीला पाच महिने उरले होते. अशा कहाणीवर कप कोण परत करणार? पाचव्या वेळी तर आईनंच माझ्यासाठी मागून घेतली. म्हणाली, छान झालीय.

संध्याकाळी डॉक्टरांनी हात पुढे केला. "अभिनंदन! पाचही वेळा पूर्ण जागे. तुम्हाला गोळ्यांची गरजच नाही."

"डॉक्टर, मला उभं राहवत नाहीये."

"ते यात मोजत नाहीत. कॉफी तर घेतली नव्हतीत ना? घेतली असेल तर परीक्षा रद्द, पुन्हा नंबर लावायचा."

डॉक्टरांची कॉफी घेऊन दोन्या ओफिर मागेच उभ्या होत्या. त्यांच्या निवृत्तीला पाचच महिने उरले होते.

"घरून पिऊन आलो होतो," मी म्हटलं.

"सूचना वाचता येत नाहीत?" डॉक्टरांनी ट्रेवरचा कप उचलला आणि घोट घेत घेत मला झापलं. "पुढचा नंबर चौदा महिन्यांनी. तोवर गोळ्या नाहीत."

बाहेर दोन्या ओफिरनी माझे दोन्ही हात धरले. "देव तुझं भलं करो, बाळा. पुढच्या वेळी मी नसेन. पण नव्या बाईला सांगून ठेवते, तुझी आबाळ नाही व्हायची."

गेटवर आता भाचा बसतो. तोही झोपतो, पण त्याला मावशी आहे. मी घरी पडून असतो. जेवताना आई माझं डोकं धरते, नाहीतर ते सूपमध्ये जातं. पूर्वी ती यावर हसायची.

शेवटी मी विमा कार्यालयाला अर्ज लिहिला. एवढ्याशा मजकुराला चार दिवस लागले.

"महोदय, अर्जदार आर्बेय किन्तेरो याची पुढील परीक्षा चौदा महिन्यांनी असून तोपर्यंत जागे राहण्याचे कोणतेही साधन त्याच्याकडे नाही. तरी मधल्या काळापुरते त्याचे नाव हयात नव्हे व मयतही नव्हे अशा तिसऱ्या यादीत घ्यावे. अशी यादी नसल्यास सुरू करावी. ठरल्या दिवशी आपल्या कर्मचाऱ्यांमार्फत त्याला अंथरुणासकट नेण्याची व्यवस्था व्हावी. पहिल्या हाकेला तो न उठल्यास ते त्याचे उत्तर समजू नये, पुन्हा हाक मारावी, ही नम्र विनंती."