पुजलेला पाना

आमच्या मालकांना गाडीतल्या हत्यारांचं जेवढं कवतिक हाय, तेवढं बायकोचं असतं तर माझ्या अंगावर सोनं मावलं नसतं.

मालक म्हंजे मानसिंगराव. अर्धं आयुष्य फौजेत गाड्या हाकल्या, पेन्शनीवर आटपाडीला आले, जुनी अंबॅसिडर घेतली आन् भाड्यानं फिरवाय लागले. डिकीत एक हिरवी लोखंडी पेटी. तिच्यात जॅक, चार तोंडांचा चाकपाना, हवेचा पंप, पंक्चरची ठिगळं, सोल्यूशन, जादाचा फॅनबेल्ट, पक्कड, तार, दोरखंड. पेटीच्या शेजारी पाण्याचा डबा आन् स्टेपनी. "अंजना, रस्त्यात गाडी अडली की ज्याच्या डिकीत पेटी त्यो राजा, बाकी समदे भिकारी," हे त्यांचं रोजचं कीर्तन. दर आठवड्याला एकेक पाना तेलाच्या फडक्यानं पुसून ठेवायचे. मी म्हणायची, "आवं, एकदा न्हाऊ घालून तीट बी लावा की!"

आता खंडेनवमीला हत्यारं पुजायची आमची रीतच हाय. शेतकऱ्याचा कोयता, न्हाव्याचा वस्तरा, ड्रायव्हरचा जॅक. एकदा हळदकुंकू लागलं की दसऱ्याला उत्तरपूजा हुईपतोर कुणी हात लावायचा न्हाई. गाडीला हार दसऱ्याला, पण हत्यारांचा मान आदल्या दिवशी. त्या साली, एकाहत्तर साली, ह्यांनी सकाळीच आख्खी पेटी रिकामी करून देवापुढं पाटावर मांडली. झेंडू वाहिला, नारळ फोडला, आन् मागं सरकून बघत बसले.

आन् तेवढ्यात तारवाला आला.

तार माझ्या भावाच्या, अर्जुनाच्या नावाची. आईबाप लवकर गेले, तवा मीच त्याला वाढवला. पलटणीत नाईक झाला हुता, दसऱ्याला रजेवर माझ्याकडं आलेला. तारंत एवढंच, रजा रद्द, ताबडतोब हजर व्हा. सरहद्दीवर काय तरी शिजतंय हे रेडिओवर ऐकत हुतोच. संध्याकाळची मिरजेची रेल्वे गावली तर पोरगं येळंत पोचणार. न्हाई गावली तर दंडावरच्या फिती जाणार, आन् गावात कुणी तरी भगोडा म्हणणार. माझ्या अर्जुनाला भगोडा! मी जिवंत असताना?

"दाजी, गाडी काढा," अर्जुना म्हणाला. त्याची ट्रंक भरून झाली बी.

मी म्हणलं, "आवं, पेटी भरून घ्या आदी."

"येडी हाईस का? पुजलेलं हत्यार उचलत्यात व्हय?"

"आन् रस्त्यात गाडी बसली तर?"

"माझी गाडी?" असं म्हणाले जसं काय मी त्यांच्या आईलाच नाव ठिवलंय. "माझी गाडी दगा द्यायची न्हाई."

मी बी गाडीत चढून बसले. ह्या दोघांना एकटं सोडायची माझी छाती न्हवती.

भिवघाट उतरून तासगावच्या रस्त्याला लागलो आन् मागल्या चाकातनं फुस्स झालं. उतरून बघतो तर बैलाच्या नालंचा खिळा, चांगला मुळापतोर घुसलेला. ह्यांनी डिकी उघडली. स्टेपनी हाय, हवा भरलेली हाय, पण चाक काढायला ना पाना ना जॅक. राजा आमचा रस्त्यात हुबा, अन् राजाचं समदं राज्य आटपाडीत पाटावर!

"बोला की आता," मी म्हणलं. "करा कीर्तन."

"अगं, गप."

"गप कशाला? दगा देत न्हाई म्हणं गाडी! गाडीनं न्हाई वो, गाडीवाल्यानं दिला दगा."

अर्जुना मधी पडला. "आक्का, भांडण मागनं कर. माणसं बघू." एसटी निघून गेलेली, पुढची दिवे लागायला. बैलगाडीनं मिरज गाठायची म्हंजे दसरा रस्त्यातच व्हायचा.

फर्लांगभर पुढं एक वस्ती हुती, आन् नशीब बघा, वस्तीच्या म्होरं गाड्या दुरुस्त करायचं दुकान. धावत गेलो. दुकानाला कुलूप. घरातनं दुकानवाला आला, सयाजी नावाचा, अंगात नवा सदरा, कपाळाला गंध. ह्यांनी सगळं सांगितलं. त्यानं नुसतं घराच्या फुडल्या सोप्याकडं बोट केलं. पाटावर जॅक, पाना, हातोड्या, भवतीनं झेंडू. पहार बी तिथंच.

"उद्या सोनं लुटून झालं की नेवा," सयाजी म्हणाला. "आज हात लावत न्हाई. वरीसभर ह्याच्यावरच पोट हाय माजं."

आन् आमचं मालक काय म्हणाले असतील? "बरोबर हाय तुमचं." बरोबर हाय म्हणं! रीत म्हंजे रीत, ह्यांची मुंडी हलाय लागली. अर्जुना तोंड फिरवून रस्त्याकडं बघत हुता. गालफडं आवळलेली. लहानपणी मार खाताना असंच करायचा, रडायचा न्हाई. ते बघितलं आन् माझं डोस्कं फिरलं.

"दादा," मी म्हणलं, "हत्यारं पुजायची कशाला, ते सांगा आदी मला."

"कशाला म्हंजे?"

"दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं म्हणून. व्हय का न्हाई? आवं, आपण गावाच्या येशीबाहेर जाऊन आपट्याची पानं तोडून माघारी येतोय. ह्यो खरंच सीमेवर निघालाय. अन् ज्याच्यासाठी हत्यारं पुजली त्यालाच तुमी हत्यारासाठी अडवलंय. असली कसली पूजा वो तुमची?"

आतनं सयाजीची आई बाहेर आली, रंगुबाई. वाकलेली म्हातारी, पर नजर खणखणीत. अर्जुनाफुडं जाऊन हुबी राहिली.

"कुटं निघालास रं बाळा?"

"सांगता येत न्हाई, आई. जिकडं धाडतील तिकडं."

म्हातारीनं त्याला वरनं खालपतोर बघितलं. मग पदर डोक्यावर घेतला, पाटापुढं बसली, देवाला हात जोडले. मूठभर अक्षता हत्यारांवर टाकल्या आन् पाना जाग्यावरनं जरासा हलवला. उत्तरपूजा करत्यात तशीच, फकस्त एक दिस आदी.

"आये, अगं काय करतीयास!" सयाजी वरडला.

"तू गप रं. देवीला इचारलं मी. ती काय न्हाई म्हणली न्हाई." पान्यावरचं ओलं कुंकू बोटानं घेतलं, अर्जुनाच्या कपाळाला लावलं. "जॅक तू उचल, सयाजी. मला न्हाई उचलत."

मग काय! आमच्या मालकांच्या अंगात वारं शिरलं. सयाजीनं जॅक लावला, ह्यांनी नट ढिले केले, अर्जुनानं स्टेपनी आणली. खरं सांगते, तेवढ्या पटकन चाक बदलताना मी कुणाला बघितलं न्हाई. ह्यांचा हात असा चाललेला की मला मनातनं लय अभिमान वाटला. तोंडावर न्हाई सांगितलं. सांगितलं असतं तर परत कीर्तन सुरू झालं असतं. सयाजी पैशाला हात लावंना. पाना मातुर त्यानं आमच्या देखत धुऊन परत पाटावर ठिवला.

तिथनं पुढं अंबॅसिडर अशी हाणली की तासगाव कवा गेलं, सांगली कवा गेली, कळलं न्हाई. मिरजेच्या फलाटावर पोचलो तवा रेल्वेनं शिट्टी दिलेली. ट्रंक खांद्यावर घिऊन अर्जुना पळाला, मागनं हे, त्यांच्या मागनं लुगडं सावरत मी. डब्याच्या दारातनं एका जवानानं हात दिला आन् त्यो आत गेला.

"गावली, आक्का! गावली गाडी!"

"गावली रं, गावली!" मी बी दोन्ही हात वर करून नाचले. फलाटावरची माणसं बघाय लागली. बघू देत की! हे तर टाचा जुळवून, छाती काढून सलाम ठोकून हुबे.

गाडी हलली. दारात अर्जुना हात हलवत हुता. आदी त्याचं तोंड दिसत हुतं, मग नुसता हात, मग नुसता डबा. अन् माझं वर केलेलं हात खाली आलं. सकाळधरनं जीव तोडून भांडले, नवऱ्याला बोलले, परक्याच्या देवापुढचं हत्यार उचलाय लावलं, ते कशासाठी? ह्या हातानं वाढवलेलं पोर लढाईवर पोचतं करायला.

मी ह्यांची बाही धरली.

"आवं," मी म्हणलं, "थांबवा की वो ती गाडी."