क्रीमचे डबे

ऑरिनने खायच्या क्रीमच्या रिकाम्या प्लास्टिक डब्यात मूठभर शिशाच्या गोळ्या टाकल्या, वर चमचाभर निळी रंगपूड घातली, झाकण दाबलं आणि डबा खुळखुळ्यासारखा हलवायला लागला. गॅरेजमधल्या फ्रीझरमधून मटार न्यायला आलेल्या व्हर्लाने दात आवळले. टायरवाल्याकडून चाकांचा तोल साधायला लावतात ती शिशाची जुनी वजनं आणायची, ती वितळवून बंदुकीच्या गोळ्या ओतायच्या, त्यांना रंग चढवून छोट्या ओव्हनमध्ये भाजायच्या, हाच उद्योग निवृत्त झाल्यापासून त्याने मागे लावून घेतला होता. भाजताना सुटणारा तो वास पडद्यांत, केसांत, उशीत जाऊन बसायचा. आणि नखं तर अशी काळी, की पावाचा तुकडा मोडताना त्याच्याकडे बघवत नसे.

"बास कर तो खडखडाट. हेझल झोपलीय."

"झालंच. बघ कशा निळ्याशार दिसतात. तुझ्या केकवर चढतो का असा रंग?"

"माझा केक माणसं खातात."

"मग हे काय जनावरं खातात?" ऑरिनने ट्रेमधली काल भाजलेली एक गोळी उचलली आणि सरळ जिभेवर ठेवली. "एकदा रंग पक्का झाला की आतलं शिसं बाहेर येत नाही. चाटून बघ हवं तर."

व्हर्ला दोन पावलं मागे सरली.

"शी! थुंक आधी! आणि त्या तोंडाने माझ्या जवळपास फिरकू नकोस."

तो हसला. चूळ मात्र भरली नाही.

त्यांची मुलगी जोलीन गावच्या धान्यकोठारावर वजनकाट्याशी बसायची. तिला सातवा महिना लागला होता. तिची दोन वर्षांची हेझल दिवसभर आजीकडेच असे, पण जोलीनने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, 'बाबाचं शिसं घरात एकदा जरी दिसलं, तर दुसऱ्या दिवसापासून हेझल पाळणाघरात.' जोलीन बोलली म्हणजे करणार, हे व्हर्लाला ठाऊक होतं. हेझल गेली तर घरात उरणार काय, तर टीव्ही आणि ऑरिन. म्हणून व्हर्लाने शिसं घरात शिरायच्या सगळ्या वाटा बुजवल्या होत्या. ऑरिनचे बूट बाहेर, कपडे वेगळे धुवायचे, गॅरेजच्या दाराला वर कडी, आणि हात अंगणातल्या नळावरच धुवायचे, तिथे ठेवलेल्या राखाडी खरखरीत साबणाने. तो साबण ती स्वतः बोटानेसुद्धा शिवत नसे.

दुपारी हेझल उठली. व्हर्लाने फ्रीजमधून सफरचंदाचा गर भरलेला क्रीमचा डबा काढून तिच्यापुढे ठेवला. पोरीने चमचा बाजूला टाकला, बोटाने डबा निपटला आणि झाकणही चाटून लख्ख केलं.

डबा धुताना व्हर्लाचा अंगठा कडेच्या दुमडीखाली अडला. तिथे एक बारीक निळी रेघ होती. तिने सुईने खरवडली तेव्हा नखावर काळपट निळी पूड आली.

"ऑरिन! हा डबा घरात कसा आला?"

तो दाराबाहेर बूट काढत होता. "कसा म्हणजे? डबे पुरत नाहीत म्हणून गेल्या महिन्यात तूच कटकट करत होतीस ना? माझ्याकडे होते ते दिले ठेवून कपाटात. चांगले दोनदा धुतले."

"गोळ्या हलवायचे डबे?"

या घरात डबे स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये जायचे. तिथून परत यायचे नाहीत. ते परत येतील असं व्हर्लाच्या एवढ्या नियमांत कुठेच धरलेलं नव्हतं. ऑरिनचा चेहरा उतरला. भाजलेली गोळी तो मजेत चाटायचा, पण डब्यात ती कच्ची असते, कच्च्या पुडीत घासली जाऊन तिचं शिसं डब्याला लागतं, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कोणाला कळणार?

व्हर्लाने कपाटातले सगळे डबे काळ्या पिशवीत कोंबले, गाठ मारली आणि पिशवी दारामागे ढकलली.

"जोलीनला एक अक्षर बोलायचं नाही."

"अगं, पण हेझल..."

"डबे गेले, विषय संपला. तुझ्या घाणीपायी मी माझी नात घालवणार नाही."

संध्याकाळी जोलीनची गाडी अंगणात थांबली. एक हात कमरेवर टेकून ती आत आली आणि क्रीमचे धुतलेले दोन डबे तिने टेबलावर ठेवले.

"आई, सूप काय झालं होतं गं! आठवडाभर रात्री मी दुसरं काही खाल्लंच नाही. डबा पावाने पुसून खाल्ला. हे पोटातलंही आजीच्याच हातचं मागणार बघ."

"उद्या आणखी देते," व्हर्ला म्हणाली.

शब्द तोंडातून गेले आणि सकाळची ती किळस परत आली. या वेळी ती ऑरिनची नव्हती, स्वतःची होती.

ऑरिन मोज्यांवरच आत आला. त्याने दारामागची पिशवी ओढली, गाठ सोडली, एक डबा काढून जोलीनपुढे धरला आणि त्याची कड तिला दिसेल अशी फिरवली.

"पोरी, खाली बस. ही चूक माझी आहे. माझ्या गोळ्यांचे डबे मी कपाटात ठेवले. तुझं आणि हेझलचं रक्त आजच तपासायला हवं. आईला काही माहीत नव्हतं."

जोलीन बसली नाही. तिने रेघ पाहिली, आपण आणलेले दोन डबे पाहिले, मग पिशवी पाहिली.

"मग ही गाठ कोणी मारली?"

जोलीनने हेझलला कडेवर घेतलं. पोर आजीकडे हात पसरून रडायला लागली, तरी ती थांबली नाही. ऑरिन बूट हातात घेऊन तिच्या मागोमाग गेला.

गाडी गेल्यावर व्हर्ला अंगणातल्या नळाशी गेली. तिने राखाडी साबण उचलला आणि हात घासायला लागली.